मोटारीला ओळख कुणाची?



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही गटातल्या पाचजणी मांडीवर एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन छत्रपती संभाजीनगरला आलो आणि क्रांती चौकात उतरलो. खोक्यात दोन वस्तू होत्या. एक सेन्सर, म्हणजे टाकीच्या तोंडाशी बसवायचा आणि पाणी कुठवर आलं ते ओळखणारा लहानसा डबा. दुसरा त्याचा जोडीदार, मोटारीच्या पेटीजवळ बसवायचा. दोघांमध्ये वायर नाही. टाकी भरली की वरच्यानं खालच्याला कळवायचं आणि खालच्यानं मोटार बंद करायची, एवढंच त्यांचं काम. गटाच्या डाळमिलच्या शेडवर लावायला आम्ही ते हौसेनं घेतलं होतं. पण तीन आठवडे झाले तरी त्यानं एकदाही काम केलं नव्हतं. टाकी भरून वाहायची, खाली चिखल व्हायचा आणि जो तो म्हणायचा, "वस्तू खराब लागली तुम्हाला. बायका बघून गळ्यात मारली."

पैठण गेटकडच्या एका दुकानात आम्ही ते खोकं उघडलं. दुकानातल्या पोरानं दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले. खालच्या डब्याचं एक बारीक बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. मग वरच्या डब्याचं बटण दाबलं. टीं-टीं असा आवाज आला आणि दिवा स्थिर झाला. पोरगा म्हणाला, "मावशी, खराब काहीच नाही. दोघांची ओळखच झाली नव्हती."

त्यानं पैसे घेतले नाहीत. आम्ही परत क्रांती चौकात येऊन चहा घेतला, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार. निर्जीव डब्यांना ओळख कशाला लागते? ती नसेल तर काय होतं? आणि ती ओळख करून द्यायचं काम आजवर आपल्या घरात कोण करत आलं? त्या दिवसापासून आम्ही वाचलं, लोकांना विचारलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

वायर होती तेव्हा

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. वायर असते तिथे ओळखीची गरज नसते. वायर हीच ओळख. बटणापासून निघालेली वायर ज्या दिव्याला गेली, तोच दिवा लागणार.

पाण्याचंही तसंच. आपल्या या शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीनं, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. ना मोट, ना मोटार. पाणचक्कीतही असंच दुरून आणलेलं पाणी पडायचं आणि त्यावर जातं फिरायचं. माणसाचा हात न लागता दळण होत होतं. हात न लावता काम व्हावं ही हौस आजची नाही, हे सांगायला पाणचक्की अजून उभी आहे. पण नहर जिथे नेली तिथेच पाणी जाणार. पाण्याला विचारावं लागत नाही, "तू कुणाचं?"

पुढे बातमीही तारेतून वाहू लागली. आपण ज्या चौकात चहा प्यालो त्या चौकाचं नाव 1857 ची आठवण सांगतं. त्या वर्षी जूनमध्ये इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातले शिपाई इंग्रजांविरुद्ध उठले. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज चालून आली, उठाव मोडला गेला, आणि पकडलेल्या शिपायांना देहदंड झाला. काळा चबुतरा ही त्यांची खूण, आणि म्हणून तो क्रांती चौक.

त्याच वर्षी 11 मे रोजी दिल्लीच्या तार कचेरीतून अंबाल्याला तार गेली की मेरठचे शिपाई दिल्लीत आले आहेत. घोडेस्वाराला जी बातमी न्यायला वेळ लागला असता, ती तारेनं लगोलग पोहोचली आणि इंग्रज सावध झाले. उठाव करणाऱ्यांनीही ठिकठिकाणी तारा तोडल्या, कारण त्यांनाही कळलं होतं की तार ज्याच्या हाती, बातमी त्याला आधी. मैत्रिणींनो, ही गोष्ट विसरू नका. पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

वायर गेली आणि घोटाळा सुरू झाला

वायरीशिवाय संदेश जाऊ शकतो हे आपल्या देशात जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात 1895 साली लोकांसमोर दाखवलं. एका खोलीतून लहरी सोडल्या, त्या भिंती ओलांडून गेल्या आणि लांब ठेवलेली घंटा वाजली, दारू पेटली. आज आपण हातातल्या रिमोटनं जे करतो त्याचा हा पणजोबा म्हणा. पण त्या घंटेला ओळख नव्हती. तशा लहरी कुणीही सोडल्या असत्या तरी ती वाजली असती.

तीन वर्षांनी, 1898 मध्ये, निकोला टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी बोट वायरीशिवाय चालवून दाखवली. लोकांना ती जादूच वाटली. टेस्लाच्या मनात मात्र प्रश्न होता. ही बोट माझंच ऐकेल, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही, असं कसं करायचं? एका ऐवजी दोन वेगळ्या लहरी एकदम आल्या तरच यंत्रानं ऐकावं, अशी युक्ती त्यानं काढली. एका कुलपाला दोन किल्ल्या लावण्यासारखं.

त्याचा प्रश्न किती खरा होता ते 1903 साली लंडनमध्ये दिसलं. मार्कोनी म्हणत होता की माझा बिनतारी संदेश दुसऱ्या कुणाला पकडता येत नाही, त्यात ढवळाढवळ करता येत नाही. तेच दाखवायला मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. संदेश यायचा तो दूरच्या समुद्रकाठच्या केंद्रावरून. पण त्याआधीच यंत्र टकटक करू लागलं आणि मार्कोनीची टिंगल करणारे शब्द कागदावर उमटले. नेव्हिल मॅस्केलाइन नावाच्या एका जादूगारानं जवळूनच आपलं यंत्र लावून हे केलं होतं. तो बिनतारीचाही जाणकार होता. सगळ्या जगाला कळलं की हवा सगळ्यांची आहे. हवेतून बोलायचं तर "मी कोण आणि तू कोण" हे आधी ठरलं पाहिजे.

हीच गंमत पुढे घराघरात झाली. अमेरिकेत मोटारगाडी ठेवायच्या खोलीचं दार रिमोटनं उघडायची सोय आली, तेव्हा एकाच्या रिमोटनं शेजाऱ्याचंही दार उघडायचं. आपल्याकडे हसण्याचं कारण नाही. दारावरची बिनवायरची स्वस्त बेल आणा, शेजारणीनंही तीच आणू द्या. पाहुणे तिच्याकडे येतात आणि दार उघडायला आपण धावतो!

त्यावर उपाय म्हणून आतमध्ये बारीक दांड्यांची रांग आली. प्रत्येक दांडी वर किंवा खाली. आठ दांड्या असतील तर 256 वेगवेगळे नमुने होतात. रिमोटचा आणि यंत्राचा नमुना एक असेल तरच काम होणार. 1975 च्या सुमारास घरातल्या विजेच्याच वायरीतून दिवे-पंखे चालवायची एक्स-10 नावाची पद्धत आली. तिच्यातही प्रत्येक घराला एक अक्षर आणि प्रत्येक वस्तूला एक आकडा. 16 अक्षरं, 16 आकडे, गुणाकार पुन्हा 256. पण 256 म्हणजे फार नव्हे. मोठ्या वस्तीत दोन घरांचा नमुना एक निघतोच.

म्हणून आजची यंत्रं दांड्यांवर राहत नाहीत. कारखान्यातच प्रत्येकाला लांबलचक आकडा मिळतो, आपल्या आधार नंबरासारखा, दुसऱ्याचा तसा नसलेला. बटण दाबून धरलं की यंत्र थोडा वेळ कान उघडून बसतं. तेवढ्या वेळात जे दुसरं यंत्र आपलं नाव सांगेल, त्याचं नाव ते आपल्या आठवणीत लिहून ठेवतं. चांगली यंत्रं त्याच वेळी आपसात एक गुप्त खूणही ठरवतात. कान बंद झाला की मग नव्या कुणाला प्रवेश नाही. यालाच पेअरिंग म्हणतात. जोडी लावणं.

बँक लिंकेज आठवा

आपल्याला ही गोष्ट अवघड जायचं कारण नाही. आपण हे केलेलं आहे. 1992 मध्ये नाबार्डनं 500 गटांपासून बचत गट आणि बँक जोडण्याची योजना सुरू केली. तोवर बँकेच्या दारात बाई गेली तर तिला विचारायचे, "तुमची ओळख काय? ओळखदार कोण?" आधीपासून खातं असणाऱ्यानं सही केली तर खातं उघडायचं. मग गटांनी वेळेवर बैठक, वेळेवर बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि वहीत नोंद या पाच गोष्टी पाळून आपली ओळख आपणच तयार केली. आज बँकेत गेलं की गटाचं नाव सांगितलं तरी पुरतं.

डब्यांचंही असंच. बँकेनं कान उघडले, आपण नाव सांगितलं, नोंद झाली, लिंकेज झालं. आणि नोंद झाली नसेल तर दार वाजवून काही उपयोग नाही. बँक खराब नसते आणि गटही खराब नसतो.

ही नवी यंत्रं जी भाषा बोलतात त्यांची नावंही मजेशीर आहेत. मोबाईलमधलं ब्लूटूथ हे हजार वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कच्या एका राजाचं टोपणनाव. त्यानं फुटलेली माणसं एकत्र आणली म्हणून ते दिलं. घरातल्या सेन्सरांची झिगबी नावाची भाषा आहे. तिचं नाव मधमाशीच्या नागमोडी नाचावरून आलं. फुलं कुठे आहेत ते माशी पोळ्यावर नाचून बाकीच्यांना सांगते. झिगबीमध्ये एक डबा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला असा निरोप पुढे सरकतो.

हवा कुणाची?

आता आपल्या देशाचं बघू. 1933 च्या वायरलेस कायद्यानं बिनतारी यंत्र बाळगायला परवाना लागू लागला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात पैसे भरून लायसनच्या पुस्तकावर तिकिटं लावावी लागायची. 1980 च्या दशकात ते बंद झालं.

मग 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला क्रिकेटचे सामने टीव्हीवर कुणी दाखवायचे याचा होता. पण न्यायालयानं सांगितलं ते क्रिकेटपेक्षा मोठं होतं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्याच वाटेनं पुढे 2006 मध्ये गावोगावच्या संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. 2008 मध्ये तेलंगणात दलित बायकांनी चालवलेला संगम रेडिओ सुरू झाला. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. आज आपलं हे बोलणं तुमच्यापर्यंत येतं ते त्याच हक्कानं.

आणि 2005 मध्ये सरकारनं लहरींचे काही पट्टे कमी ताकदीच्या यंत्रांसाठी विनापरवाना मोकळे केले. जशी गावाची गायरान जमीन. वायफाय, ब्लूटूथ, टाकीचा सेन्सर, बरीचशी यंत्रं याच गायरानात चरतात. गायरान सगळ्यांचं, म्हणून तिथे गर्दी. आणि गर्दी म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात आपली खूण हवी.

मोटार, रात्र आणि फोन

आता मोटारीकडे येऊ. शेतीची लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्री बाराला लाईट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. साप-विंचू, बिबट्याची भीती, आणि तिथे पोहोचावं तर लाईट गेलेली.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची मोटारीसाठीची ही पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी नॅनो गणेश नावाचं यंत्र तयार केलं. स्टार्टरजवळच्या यंत्राला मोबाईलवरून फोन लावायचा, लाईट आहे की नाही ते कळतं, आणि आकडा दाबला की मोटार चालू किंवा बंद. 2009 मध्ये त्याला नोकिया कंपनीचं जागतिक स्पर्धेतलं बक्षीस मिळालं. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांचे मोबाईल स्टार्टर आले. 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा हेतू शेतीला दिवसा वीज देणं हा आहे. पण ज्या शिवारात अजून रात्रीची पाळी आहे, तिथे हा स्टार्टर म्हणजे मोठा आधार.

मोबाईल स्टार्टरचीही ओळख करून द्यावी लागते. कुठल्या नंबरचं ऐकायचं ते त्याला सांगावं लागतं. आणि इथेच आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सुरू होते.

तिचे मालक शहराजवळच्या कारखान्यात कामाला. शेत ती करते. स्टार्टर बसवायला माणूस आला तेव्हा त्यानं विचारलं, "मालकाचा नंबर कोणता?" सासऱ्यांनी मुलाचा नंबर सांगितला. नोंद झाली. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. यंत्र सांगितल्याप्रमाणे अगदी चोख चालत होतं. ते एकाच माणसाला ओळखत होतं आणि तो माणूस रात्रपाळीला असायचा. कामावर फोन बाहेर ठेवावा लागायचा.

गव्हाला पाणी द्यायचं होतं. रात्री साडेबाराला लाईट आली. ताईनं स्वतःच्या फोनवरून स्टार्टरला फोन लावला. उत्तर नाही. मालकांना लावला, फोन बंद. शेवटी घरात यंत्र असूनही ती बॅटरी घेऊन बांधावरून निघाली. विहिरीच्या अलीकडे तिच्या पायापासून हातभर अंतरावर मण्यार होती. बॅटरीचा उजेड वेळेवर पडला म्हणून आज ती आमच्या बैठकीत बसते. बैठकीत ती एवढंच म्हणाली, "माझ्या हातचं शेत, पण मोटार मला ओळखत नाही."

बैठक गप्प झाली. आम्हाला 1857 ची तार आठवली. तार ज्याच्या हाती, बातमी त्याला आधी. आता तार राहिली नाही, पण नोंद आहे. ज्याचं नाव यंत्राच्या आठवणीत, काम त्याच्या हाती. सातबारावर नाव नाही, रेशनवर नाव मागून आलं, आणि आता मोटारीच्या आठवणीतही नाव नाही.

मालकांशी बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, "मला सुचलंच नाही. तिचा नंबर टाकायला कुणी नाही म्हटलं होतं का?" खरंच कुणी नाही म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी आपल्या फोनवरून ठरलेला मेसेज पाठवला आणि दोन मिनिटांत तिचा नंबर नोंदवला गेला. दोन मिनिटांचं काम, पण ते व्हायला एक हंगाम आणि एक मण्यार लागली.

जोडी जुळत नसेल तर

मग आम्ही ठरवलं की हे काम गटानं शिकायचं. सहा महिन्यांत गावातल्या बऱ्याच डब्यांशी झटापट केली. आमच्या वहीत जे लिहिलं गेलं ते असं.

पहिलं, घाई नको, क्रम पाहा. आधी ऐकणारा डबा जागा करायचा, मग बोलणारा. आम्ही तीन आठवडे उलटं करत होतो. कान बहुधा थोडाच वेळ उघडा असतो. तेवढ्यात दुसरं बटण दाबलं गेलं पाहिजे. माहितीचा कागद खोक्यातच राहतो, तो फेकू नका. दिवा हळू लुकलुकला म्हणजे काय आणि भरभर म्हणजे काय, ते त्यात असतं आणि प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं.

दुसरं, जोडी जवळ ठेवून लावा, मग जागेवर न्या. एक टाकीवर, एक खाली, आणि दोघी ओरडतायत "दाबलं का गं?" असं करू नका. दोन्ही डबे एका टेबलावर ठेवा.

तिसरं, सेल बघा. कमजोर सेलवर दिवा लागतो, पण आवाज लांब जात नाही. घड्याळातून काढलेला जुना सेल घालू नका.

चौथं, जुनी ओळख पुसा. दुसऱ्याकडून घेतलेला किंवा दुरुस्त होऊन आलेला डबा आधीच्या जोडीदाराला धरून बसलेला असतो. रिसेटचं बटण कागदावर सांगितलंय तेवढा वेळ दाबून धरलं की आठवण कोरी होते. पण एक ध्यानात ठेवा, चालू असलेल्या यंत्रावर हे केलं तर सगळ्यांची ओळख पुसली जाते.

पाचवं, लोखंड आणि पाणी आडवं येतं का ते बघा. दुकानात जुळलेली आमची जोडी शेडवर येऊन पुन्हा रुसली. खालचा डबा आम्ही मोटारीच्या लोखंडी पेटीत ठेवला होता. लोखंडातून लहरी जात नाहीत, आणि भरलेली टाकीसुद्धा लहरी शोषून घेते. पेटीबाहेर हातभर लांब भिंतीवर लावला, त्याची दांडी सरळ उभी केली, आणि काम झालं. पत्र्याचं छप्पर, सळ्यांची स्लॅब यांचाही असाच अडथळा होतो.

सहावं, वायफायवरचा सेन्सर असेल तर राउटरवर नजर टाका. बऱ्याच राउटरांची दोन नावं असतात. शेवटी 5 जी लिहिलेलं एक आणि साधं एक. लहान सेन्सरांना बहुधा साधं, 2.4 चंच कळतं. फोन 5 वर असला तर दोघांची भेटच होत नाही. पासवर्ड बदलला तरी ओळख तुटते.

सातवं, लाईट जाऊन आल्यावर लगेच पेअरिंग करायला बसू नका. मुख्य डब्याला सावरायला थोडा वेळ द्या. बहुतेकदा जुनी जोडी आपोआप जुळते. आपणच घाईनं बटणं दाबून ती तोडतो.

आठवं, परदेशातून पाहुण्यानं आणलेला सेन्सर असेल तर तो वेगळ्या पट्ट्यावर बोलत असू शकतो. तिकडचं गायरान वेगळं, आपलं वेगळं. तो इथल्या डब्याशी कधीच जुळणार नाही, कितीही बटणं दाबा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओळख लावणं हे बटणाचं काम आहे, ते आपण करायचं. स्टार्टरची पेटी उघडणं, थ्री-फेजच्या वायरीला हात लावणं हे वायरमनचं काम आहे, ते त्यालाच करू द्यायचं. मेन स्विच बंद केल्याशिवाय कुठलाही डबा भिंतीवर ठोकायचा नाही. आणि हातानं चालू-बंद करायची सोय कधीही काढून टाकायची नाही. यंत्र रुसलं तर शेत थांबायला नको.

आमच्या गटाच्या वहीत आता बचत आणि कर्जाच्या पानांनंतर एक नवं पान आहे. गावातला कोणता सेन्सर, कोणता स्टार्टर, कधी जोडी लावली, सेल कधी बदलला, आणि यंत्राच्या आठवणीत कुणाकुणाचे नंबर आहेत. शेवटच्या रकान्यात प्रत्येक घराच्या एका तरी बाईचा नंबर आलाच पाहिजे, असा ठराव आम्ही केला आहे. पहिल्या महिन्यात तो रकाना जवळजवळ रिकामा होता. आता भरत आलाय.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढंच करा. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या की एकेकीला विचारा, "तुझ्या घरची मोटार तुला ओळखते का?" जिचं उत्तर नाही येईल, तिच्या घरी दोघीजणी मिळून जा. कागद शोधा, बटण शोधा, मालकांना मेसेज पाठवायला सांगा. दोन मिनिटं लागतील.

आमची ती ताई आता रात्री उंबऱ्यात बसून फोन लावते. पलीकडून मोटार चालू झाल्याचा निरोप येतो. मग ती दार लावून झोपते.